मावशी व्हायला बहीण लागते

प्रतिभाताई वानखडेंना कुणी ‘मावशी’ म्हटलं की त्यांचा हात आपोआप वर जायचा, चौकातल्या पोलिसासारखा. “मावशी नाही,” त्या म्हणायच्या. “मावशी व्हायला बहीण लागते. मी प्रतिभा. अगदीच जड जात असेल तर ताई म्हण.” अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावात भाजीच्या दुकानात ओळख झालेली बाईसुद्धा दहा मिनिटांत कुणाच्या तरी पोरांची मावशी होऊन बसते, त्यामुळे हा प्रकार लोकांना जरा शिष्टपणाचा वाटे. मलाही वाटला. आमची पहिली भेट गणपतीच्या जेवणाला, एका शाळेच्या कॅफेटेरियात झाली. मी डोंबिवलीहून सोशल वर्क शिकायला नुकतीच आलेली, चोवीस वर्षांची, हातात कागदी ताटली. “मावशी, वरण इकडे पास करता का?” एवढंच मी म्हटलं. वरण मिळालं, पण आधी भाषण मिळालं.

पुढच्या आठवड्यात पाहते तर याच बाई वर्गात माझ्या शेजारच्या खुर्चीवर. वय एकोणपन्नास. माहेर अमरावतीचं, नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, दोन्ही मुलं कॉलेजसाठी घराबाहेर. प्राध्यापक प्रत्येकाला विचारत होते, या क्षेत्रात का आलात? आम्ही सगळ्यांनी समाजसेवेवर लांबलचक बोलून घेतलं. प्रतिभाताई म्हणाल्या, “एक गोष्ट वेळेवर करायची राहून गेली.” कुठली ते त्यांनी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. तेव्हा मला स्वतःच्या परीक्षेपलीकडे काही दिसत नव्हतं.

अमेरिकेत आमच्या धंद्यात डिग्री मिळाली म्हणजे सगळं झालं असं नसतं. आधी कच्चं लायसन्स, आपल्याकडे गाडी शिकताना असतं तसं. दोन वर्षं कुणा जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली काम करायचं, मग पक्कं. सरकारी भाषेत आम्ही ‘अर्ली करिअर’. या शब्दाची प्रतिभाताईंना फार गंमत वाटे. “अर्धे केस पांढरे झाले आणि मी अर्ली करिअर! सासूबाईंना कळवायला पाहिजे, सून अजून नवीनच आहे म्हणून.”

एका दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघींनी मिळून दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि काउन्सेलिंग सुरू केलं. डॉरथी नावाच्या सत्तरीच्या एक बाई आमच्यावर देखरेख करायच्या. आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून दोन्ही दारांशी घूं घूं करणारं एकेक यंत्र ठेवलेलं होतं. क्लायंट यायच्या आधीची दहा मिनिटं प्रतिभाताई नुसत्या फिरत असायच्या. खुर्ची वीतभर डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. टिश्यूचा डबा टेबलावरून खिडकीत, खिडकीतून टेबलावर. “डबा फार जवळ ठेवला तर माणसाला वाटतं, आपल्याला रडायलाच बोलावलंय. फार लांब ठेवला तर मागायला लाजतं.” मी वैतागून म्हणायचे, “ताई, बसा ना जरा!” त्यावर उत्तर ठरलेलं: “बसणारच आहे ना आता पन्नास मिनिटं.” आणि खरंच, एकदा क्लायंट आत आला की ती पन्नास मिनिटं त्या खुर्चीवरून हलत नसत. दार उघडलं की पुन्हा फेऱ्या सुरू.

त्यांच्याकडे येणारे निम्म्याहून जास्त आपलेच लोक होते. हॉस्पिटलात किंवा संस्थेत जायला ते तयार नसत. तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर काय घ्या! म्हणून गुप्ततेच्या बाबतीत प्रतिभाताई भयंकर कडक. एकदा आम्ही इंडियन ग्रोसरीत मेथी निवडत होतो. समोरून एक गृहस्थ आले आणि ओळखीचं हसले. प्रतिभाताईंनी मेथीच्या जुडीत असं डोकं घातलं की ते बिचारे ओशाळून डाळींकडे निघून गेले. “अहो, निदान हसायचं तरी,” मी म्हटलं. “मी कुणाला ओळखते हे मी सांगायचं नसतं,” त्या म्हणाल्या. “ओळखत नाही हेही सांगायचं नसतं. आज एकाला ओळखत नाही म्हटलं, उद्या दुसऱ्याच्या वेळी गप्प राहिले, तर ऐकणारा बरोबर ताडतो.” मला ते तेव्हा अति वाटलं. मी तोंडावर सांगितलंही.

२००६च्या हिवाळ्यात बातमी आली की राज्याच्या परवाना मंडळापुढे एक नवा नियम आला आहे. कच्चं लायसन्स असलेल्यांनी स्वतःचं दुकान थाटायचं नाही. दोन वर्षं काढायची ती एखाद्या संस्थेत किंवा हॉस्पिटलातच. म्हणजे आमच्या दोन खोल्या बंद आणि प्रतिभाताईंची माणसं वाऱ्यावर. मी संतापले. आठवडाभर मी दिसेल त्याला हेच ऐकवत होते. प्रतिभाताईंचं वेगळंच. “नियम अगदीच चूक नाही गं,” त्या येरझाऱ्या घालत म्हणायच्या. “आपण कच्च्याच आहोत. आपल्या हातून माणूस बिघडू शकतो.” दुसरी फेरी. “पण माझी माणसं तिकडे जाणार नाहीत. घरी बसतील. दार लावून बसतील.” हे शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज चिरका व्हायचा. मला वाटायचं, काळजी.

मंडळाने राज्याच्या राजधानीत, लान्सिंगला, सुनावणी ठेवली होती. कुणीही यावं आणि तीन मिनिटं बोलावं. त्या सुनावणीची सूचना मी आमच्या वेटिंग रूमच्या दारावर चिकटवली. पुढच्या सगळ्याची सुरुवात माझ्या त्या चिकटपट्टीपासून झाली, हे मी आजही विसरत नाही.

आम्ही दोघी सकाळीच निघालो. प्रतिभाताई ड्राइव्ह करत होत्या, सिग्नलला थांबलो की स्टिअरिंगवर बोटं वाजवत होत्या. सभागृहात पोचलो आणि पाहिलं तर तिसऱ्या रांगेत अनुजा. अनुजा इथेच जन्मलेली, पंचविशीची, एका कंपनीत नोकरी करणारी. दर गुरुवारी ती आमच्याकडे यायची. का, ते मला माहीत नव्हतं. असतं तरी इथे लिहिलं नसतं. तिला पाहताच प्रतिभाताईंनी मान वळवली आणि छताकडे पाहू लागल्या. तिथे मेथी नव्हती.

अनुजाचं नाव पुकारलं गेलं. ती इंग्रजीत बोलली, आणि छान बोलली. गेल्या वर्षी तिने कामावर जाणं सोडलं होतं, आईचे फोन घेणं सोडलं होतं. दोन ठिकाणी जाऊन पाहिलं, पण तिथे ‘चार लोक काय म्हणतील’ हे समजावण्यातच सगळा वेळ जायचा. प्रतिभाताईंकडे ते समजावावं लागलं नाही. “प्रतिभा वानखडे नसत्या तर आज मी इथे उभी नसते,” ती म्हणाली. मला वाटलं, जिंकलो. आणि तेवढ्यात ती पोरगी म्हणाली, “शी इज माय मावशी.”

अध्यक्षांनी सौम्यपणे विचारलं, हा शब्द कुठला? याचा अर्थ काय? अनुजाने रविवारच्या मराठी शाळेत शिकवलेला अर्थ सांगून टाकला. “मदर्स सिस्टर.”

आमच्या धंद्यात नात्यातल्या माणसाला क्लायंट म्हणून घेणं हा फार मोठा गुन्हा. अध्यक्षांनी चष्मा काढला. म्हणजे या बाई तुमच्या सख्ख्या मावशी? अनुजा गडबडली. “नो. आय मीन, येस, बट नॉट लाइक दॅट.” मंडळावरचे दोन जण काहीतरी लिहून घेऊ लागले. मी कपाळाला हात लावला.

यादीत पुढचं नाव प्रतिभाताईंचंच होतं. अध्यक्षांनी सरळ विचारलं, आत्ता बोलून गेलेली मुलगी तुमची भाची आहे का? साधं ‘नाही’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं! मी मनात ओरडत होते. पण ती मुलगी आपली कुणी आहे किंवा नाही, यातलं काहीही या बाई बोलणार नव्हत्या. त्या टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. “मी कुठल्याही व्यक्तीबद्दल इथे बोलू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “फक्त स्वतःबद्दल बोलू शकते.” मग म्हणाल्या, “मला बहीण नाही. त्यामुळे मी या जगात कुणाचीच सख्खी मावशी असू शकत नाही. पण आमच्या भाषेत भांडी घासणाऱ्या बाईलाही मावशी म्हणतात. मला तो मान चालतो.” लोक हसले. अध्यक्षही हसले. लिहिणाऱ्यांनी पेनं खाली ठेवली. राहिलेल्या वेळात त्या दार लावून घरी बसणाऱ्या माणसांबद्दल बोलल्या, आणि इतकं नेटकं बोलल्या की मला उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

गाडीत बसलो तेव्हा बर्फ भुरभुरत होतं. मी आनंदाने बडबडत होते. प्रतिभाताईंनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना क्लायंटशिवाय इतकं स्तब्ध बसलेलं पाहत होते.

“रेवती, मले बहीण आहे,” त्या म्हणाल्या.

शोभा. त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी. एकोणिसाव्या वर्षी तिचं काहीतरी बिनसलं. स्वतःशीच बोलायची, मध्येच किंचाळायची. औषधं झाली, अंगारे झाले. पाहुणे प्रतिभाताईंना पाहायला आले त्या दिवशी तिला मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली होती. होणाऱ्या सासूबाईंनी कौतुकाने विचारलं, घरात तू एकटीच मुलगी का गं? “मी म्हटलं, हो, मला बहीण नाही. कुणी शिकवलं नव्हतं. माझं मीच म्हटलं. आणि ती आतून ऐकून राहिली होती.” लग्नाच्या पत्रिकेत शोभाचं नाव नव्हतं. नवऱ्याला दोन वर्षांनी कळलं. तो भला माणूस, तो काही बोलला नाही. आईवडील गेल्यावर शोभा भावाकडे होती.

“खोटं बोलले याचं एवढं नाही,” त्या म्हणाल्या. “तेच वाक्य पुन्हा बोलले. आणि किती सहज आलं बघ तोंडात. इंग्लिशमध्येसुद्धा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं आणि मला वाचायला दिलं. चार ओळी होत्या: मला बहीण नाही असं मी सुनावणीत म्हटलं. ते खरं नाही. मला एक मोठी बहीण आहे, तिचं नाव शोभा. ती अविवाहित आहे, तिला मूलबाळ नाही आणि ती अमरावतीत राहते.

मी भांडले. अगदी कडाक्याचं भांडले. मंडळापुढे खोटं बोलल्याची कबुली दिली तर कच्चं लायसन्सही जाईल, आणि त्यांच्याबरोबर माझंही दुकान उठेल, हे मी स्वच्छ सांगितलं. डॉरथीसुद्धा म्हणाल्या की एवढ्याशा गोष्टीसाठी याची गरज नाही. “तुम्हाला एवढीशी वाटते,” प्रतिभाताई म्हणाल्या आणि पत्र टाकायला स्वतः चालत गेल्या.

त्यानंतरचे सहा आठवडे मला नको झाले होते. पोस्टमनची गाडी दिसली की दोघी खिडकीशी. आता मीही खुर्च्या सरकवू लागले होते. शेवटी उत्तर आलं, एका वाक्याचं: आपलं पत्र सुनावणीच्या नोंदींना जोडण्यात आलं आहे. बस. ना चौकशी, ना ठपका. नियमही पुढे ढकलला गेला, मग पुन्हा ढकलला गेला, आणि तोवर आम्हा दोघींना पक्कं लायसन्स मिळून गेलं. प्रतिभाताईंनी ते उत्तर मात्र फ्रेम करून टेबलावर ठेवलं, लायसन्स खणात. घरच्या पत्रिकेत जे नाव छापायला लाज वाटली, ते लान्सिंगच्या एका सरकारी फायलीत कायमचं लागलं होतं. मला आधी हसू आलं, मग माझ्या भांडण्याची फार लाज वाटली.

२००८मध्ये नवऱ्याच्या कंपनीने माणसं कमी केली तेव्हा त्यांनी परत जायचं ठरवलं. अनुजासकट एकेकाला नीट दुसऱ्यांकडे सोपवलं आणि मार्चमध्ये त्या निघाल्या. विमानतळावरही त्या एका जागी उभ्या नव्हत्या. “अमरावतीत भावाच्या शेजारीच घर घेतलंय,” त्यांनी सांगितलं. “मागची खोली नाही त्या घराला. बघूनच घेतलं.”

दोनेक महिन्यांनी एका रविवारी मी फोन लावला. कुणा बाईंनी उचलला, जाड, सावकाश आवाज.

“प्रतिभाताई आहेत का?” मी विचारलं.

“आहे ना. अंगणात चकरा मारून राहिली. तू कोण?”

“मी रेवती. अमेरिकेहून बोलते. त्यांच्याबरोबर काम करायचे मी.”

“वय काय तुझं?”

“एकोणतीस.”

“मग ताई काय म्हणून राहिली तिले? मावशी म्हण.”

“त्यांना चालत नाही,” मी म्हटलं.

“काहून नाही चालत?” तिकडचा आवाज चढला. “मी आहे ना तिची बहीण.”