बेंजोची वायर

सुरतेत, आमच्या लिंबायतच्या खानदेशी वस्तीत, हळदीला बेंजो वाजवणाऱ्या या माणसाला कुणी "तुनं गाव कोनतं शे, भाऊ?" असं विचारलं की तो दर वेळी नवंच गाव सांगतो. विचारणाऱ्याला गाव नको असतं, जात हवी असते, हे त्याला लहानपणीच कळलं. बाप लग्नांत हलगी वाजवायचा आणि बापलेकाचं ताट मांडवामागे, चपलांच्या ढिगाशेजारी वाढलं जायचं. "म्हणून मला माणसं तोंडापेक्षा चपलांवरून लवकर ओळखू येतात," असं तो दात काढत सांगतो.

मी असल्या अपमानांवर पत्रकं लिहितो. तो ती आदरानं घेतो आणि घडी करून डुगडुगत्या बेंजोखाली सारतो.

परवा गल्लीतल्या हळदीत नवरदेवाच्या काकांनी वाजंत्र्यांची पानं मांडवामागे मांडायला सांगितली. आमच्या बेंजोवाल्यानं वाजवायला सुरुवात केली. नाच रंगात आला, काकांचे दोन्ही हात वर गेले, आणि यानं वायर उपटली.

"काय व्हयनं रे?" काका हात तसेच वर ठेवून ओरडले.

"काका, पोट मागं बसवलंत, मग बोटं पुढं कशी चालतील?"

नाचणाऱ्या बायका खो खो हसल्या. हळदीनं माखलेला नवरदेव उठला आणि त्यानं सगळ्या वाजंत्र्यांना हाताला धरून पंगतीत बसवलं. आमचा माणूस पोटभर जेवला. वर "वरणात मीठ कमी आहे, काका," असंही मोठ्यानं म्हणाला.

मग त्यानं वायर जोडली आणि बापाची हलगीवरची चाल बेंजोवर धरली. त्या चालीवर काका सगळ्यांत जोरात नाचले.