मी पुसलेला हात

शिकायला म्हणून मेलबर्नला आले आणि इथेच राहिले. डँडेनॉन्ग या उपनगरातल्या फोटो प्रिंटिंग आणि फ्रेमच्या दुकानात काम करायला लागून आता आठ वर्षं झाली. आमच्याकडे येतात ते बहुतेक लग्नांचे, बारशांचे आणि नागरिकत्व मिळाल्याच्या समारंभाचे फोटो. त्यामुळे ऐंशीच्या घरातले ते आजोबा निगेटिव्हची एकच पट्टी घेऊन आले, तेव्हा मला जरा नवल वाटलं. ते मूळचे लॅटव्हियाचे. त्यांच्या कम्युनिटी हॉलमध्ये जुन्या फोटोंचं प्रदर्शन होतं आणि पट्टीवरचा एकुलता एक फोटो त्यांना मोठा करून हवा होता.

फोटो कसला ते त्यांनीच सांगितलं. एकोणनव्वदच्या ऑगस्टमध्ये लिथुआनिया, लॅटव्हिया आणि एस्टोनियातली लाखो माणसं सोव्हिएत राजवटीविरुद्ध हमरस्त्यावर हातात हात घालून उभी राहिली होती. तिन्ही राजधान्या जोडणारी माणसांची साखळी. रेडिओवर सांगतील त्या क्षणी हात धरायचे, एवढंच ठरलं होतं. आजोबांनी त्या दिवसासाठी भावाचा कॅमेरा मागून आणला होता.

मी निगेटिव्ह स्कॅन केली. शेतांमधून जाणारा रस्ता, कडेला ठेवणीतले कपडे घातलेली माणसं, एकीच्या कडेवर पेंगुळलेलं मूल. फोटोवर ओरखडे खूप होते. आख्खी दुपार बसून मी ते एकेक काढले. उजव्या कडेला काहीतरी फिकट, धूसर आलं होतं, लेन्ससमोर बोट यावं तसं. तेही पुसलं आणि तिथे गवत भरलं. काम झकास झालं म्हणून मी स्वतःवर खूश होते.

आजोबांनी प्रिंट बराच वेळ पाहिली. मग उजव्या कडेला बोट टेकवून विचारलं, "इथला हात कुठे गेला?"

मला तो डाग वाटला, असं मी कबूल केलं.

"ती माझी बायको. मी फोटोसाठी साखळीतून बाहेर पडलो होतो, आणि ती हात लांब करून मला बोलावत होती. माझी जागा मोकळी राहिली होती ना."

मग पुढचे फोटो का नाहीत, हे मला विचारावं लागलं नाही. कॅमेरा गळ्यात टाकून ते साखळीत गेले होते आणि त्यांचे दोन्ही हात गुंतले होते. इतका मोठा दिवस, आणि तो टिपायचा सोडून हा माणूस त्यात जाऊन उभा राहिला. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला आणि माझ्या सफाईची लाज वाटली. मी माफी मागितली. ते "नो वरीज" म्हणाले. दुसरी प्रिंट मी एकही ओरखडा न काढता केली.

प्रदर्शनाला मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन गेले. फोटोखाली आजोबांच्या पत्नी, म्हणजे आजी, खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला हसत सांगत होत्या की नवऱ्याला फोकस कधी जमलाच नाही. मुलीने त्यांना इंग्लिशमध्ये विचारलं, भीती नाही वाटली?

"खूप वाटली," आजी म्हणाल्या. "रणगाडे येतील असंच वाटत होतं. पण माझ्या डाव्या बाजूला एक अनोळखी माणूस होता. त्याचाही हात घामाने ओला झाला होता. ते कळल्यावर मला जरा बरं वाटलं."

दोन वर्षांनी त्यांचा देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्यांनी त्याच रस्त्यावर जाऊन त्या माणसाला शोधलं होतं म्हणे.

"सापडला?" मुलीने विचारलं.

"नाही गं. त्या दिवशी नाव विचारायचंच राहून गेलं," असं म्हणून त्यांनी आम्हा दोघींसाठी खसखशीचा केक कापायला घेतला.