गुळव्याचं नाक

आकाराम दारू सोडेल यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मी जन्माचा ख्रिस्ती, निवृत्त शिक्षक आणि आमच्या मंडळीचा पंच. आपल्याला माणसं ओळखता येतात, असा माझा तोरा होता.

आकाराम शिवाजी पेठेत आमच्या मागच्या बोळात राहतो. उसाचा हंगाम आला की गुऱ्हाळावर गूळ करायला जातो. उकळता रस काहिलीतून नेमका कधी उतरवायचा हे ठरवणारा तो गुळव्या. रस ताजा की सकाळचा, हे हा माणूस नुसत्या वासावर सांगायचा. पण पुढं त्याला दारूखेरीज कशाचा वासच येईना. एकदा काहिलीजवळच झोकांडी गेली. मालकानं दंडाला धरून मागं ओढला म्हणून वाचला. त्यानंतर त्याला कुणी कामाला बोलवेना.

तो आमच्यात आला चिमणाबाईंमुळे. आयुष्यभर दवाखान्यात आया म्हणून राबलेल्या या बाईंनी तिथंच दारूपायी खाटेवर पडलेल्या आकारामला एकच प्रार्थना शिकवली, "येशूबाबा, एवढी सांज काढून दे." उद्याचं, जन्माचं काही मागायचं नाही. तो रोज दिवेलागणीला चर्चच्या पायरीवर येऊन बसायचा, तेवढंच म्हणायचा आणि घरी जायचा. पहिल्या दोन महिन्यांत दोनदा घसरला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पायरीवर हजर! मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना म्हणालो, "तिसऱ्यांदा जाईल तो कायमचाच." तो तिसऱ्यांदा गेलाच नाही. दीड वर्षानं त्यानं स्वतःहून बाप्तिस्मा मागितला.

त्याची बायको शालूबाई मात्र माझ्याहून कडक. रोज तो परतला की उंबऱ्यातच त्याचं तोंड हुंगायची, मगच आत घ्यायची. "तुमचा येशू खरा असंल," ती म्हणायची, "पर माझं नाक बी खरं हाय." तो निमूट तोंड वासून उभा राहायचा. शेजारपाजारचे हसायचे. मीही हसलोय.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आकारामचं पहिलंच प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायचा विधी. शालूबाई बघायला म्हणून आली आणि शेवटच्या बाकावर बसली. आमच्या चर्चमध्ये प्याल्यात दारू नसते. चिमणाबाई द्राक्षं कुस्करून घरीच रस काढतात. सगळ्यांच्या हातात इवले पेले आले की पाळकसाहेब खूण करतात आणि मंडळी एकदमच पिते.

पेले वाटून झाले. आकारामनं आपला पेला तोंडापाशी नेला, हुंगला आणि खाली घेतला. तो ताडकन उभा राहिला.

"पाळकसाब, थांबा! ह्यो रस आंबलाय. म्या न्हाय पिणार."

संपलं, माझ्या मनात आलं, हा पिऊनच आलाय. शेजारच्या माणसाला मी तसं बोललोसुद्धा.

शालूबाई मागून तरातरा आली. तिनं आधी नवऱ्याचं तोंड हुंगलं, मग त्याच्या हातातला पेला.

"व्हय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "वास हितनं येतोय. ह्यांच्या त्वांडाला न्हाय."

पाळकसाहेबांनीही वास घेतला आणि पेला खाली ठेवला. चिमणाबाईंचा चेहरा पडला. "शुक्रवारी काढून लगेच गुरुजींच्या फ्रिजात ठेवाय दिलाय की," त्या म्हणाल्या.

गुरुजी म्हणजे मी. शनिवारी सकाळी पाहुण्यांसाठी मटण आणलं होतं. पातेलं फ्रिजमध्ये मावेना, म्हणून रसाची बाटली काढून शेगडीशेजारी ठेवली, परत आत ठेवायला विसरलो आणि रविवारी तशीच चर्चमध्ये आणून दिली. मी उभा राहिलो आणि मटणासकट सगळं कबूल केलं. त्या दिवशी नुसती भाकर घेतली, प्याला पुढच्या रविवारवर गेला.

उपासना सुटल्यावर मी आकारामची माफी मागितली. तो म्हणाला, "गुरुजी, प्याला त्वांडापाशी आला तवा मन म्हणत हुतं, देवाचाच हाय, पी की. लई जोरात म्हणत हुतं."

त्याच्या दीड वर्षाच्या सांजा माझ्या पातेल्यापायी वाया गेल्या असत्या. लाज वाटली, अजून वाटते.

यापुढं रस आकारामनं करावा, हे मीच सुचवलं. दोघंतिघं कुरकुरले. चिमणाबाईंनी त्यांना गप्प केलं. शनिवारी पाळकसाहेबांच्या स्वयंपाकघरात त्यानं द्राक्षं कुस्करली, रस गाळला, मंद आचेवर ठेवला, वरची मळी काढत राहिला. हात काहिलीवर असावा तसा स्थिर. बाटली तिथल्याच फ्रिजमध्ये गेली, कारण माझ्या फ्रिजवर आता कुणाचा भरवसा नव्हता.

दिवेलागणीला पायरीवरची प्रार्थना उरकून आम्ही बोळात शिरलो. शालूबाई उंबऱ्यात उभी होती. आकारामच्या अंगाला द्राक्षांचा वास येत होता. तो सवयीनं पुढं झाला, मान खाली घातली आणि तोंड वासलं.

"मिटा की त्ये त्वांड," शालूबाई म्हणाली. "आत या, भाकरी निवाय लागल्यात. गुरुजी, तुमी बी या."

ती वळून चुलीकडं गेलीसुद्धा. आकारामनं तोंड मिटलं. उंबरा ओलांडायला मात्र त्याला बराच वेळ लागला.