हिरामणची हाक

भिवपुरीच्या वीजघराच्या बागेत पाणी घालणारा हिरामण म्हणजे हुकूम झेलायलाच जन्माला आलेला माणूस. कामावर साहेबाचे, घरी बायकोचे, सोनुबाईचे. अंगणातल्या कोंबड्यासुद्धा त्याला वाट देत नसत. बदली झालेल्या साहेबाने जाता जाता अल्सेशियनचं पिल्लू त्याच्या पदरात टाकलं, तेव्हा आमच्या आळीला आठवडाभराची करमणूक झाली.

पण शेरू त्याचं ऐकायला लागला. ‘कम’ म्हटलं की असेल तिथून धावत येऊन पायाशी बसायचा. हिरामण कारण नसताना ‘कम’ म्हणायचा. कोणी बघत असलं तर जरा मोठ्याने.

मग शेरू लंगडायला लागला. आज पुढचा पाय, चार दिवसांनी मागचा. आळीने निदान केलं, साहेबाचं कुत्रं, आजारपणाची रजा टाकलीय. हिरामणला ते लागलं. त्याने शिकवणी वाढवली, कुंपणावरून उडी मारायला लावली. शेरू पाय वर धरून केकाटत राहिला.

असल्या दुखण्याला आमच्याकडे डाग देतात. शेजारच्या ठकूबाईने चुलीत विळा तापवला. पण कुत्र्याला धरायचं कसं?

“तुझं ऐकतंय ना ते? मंग बोलव की रं,” ती म्हणाली.

हिरामणने ‘कम’ म्हटलं. शेरू तीन पायांवर लंगडत आला, बसला, शेपूट हलवली.

दुखणं दुसऱ्या पायात गेलं. पुन्हा विळा, पुन्हा हाक. या खेपेला शेरू पोट जमिनीला घासत आला. पण आला.

त्यानंतर हिरामण त्याला कर्जतला गुरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं वाढताना अशीच दुखतात, दुखणं पायापायांतून फिरतं आणि वयात आलं की आपोआप जातं, डॉक्टर म्हणाले. पळवू नका, उड्या नकोत, एवढंच औषध. डागांवरून त्यांनी बोट फिरवलं.

झालंही तसंच. शेरू अंगाने भरला, वाऱ्यासारखा पळायला लागला. फक्त हिरामणने ‘कम’ म्हटलं की असेल तिथे दबून बसायचा आणि थरथरायचा. यावर आळीत कोणालाच कोटी सुचली नाही.

हिरामणने आवाज मऊ केला, हातावर सुकट धरून बसला. शेवटी सोनुबाईच हळू म्हणाली, “तुमी नका बोलावू. भ्यातंय ते तुमच्या आवाजाला.”

मग शेरूची जेवायची वेळ झाली की हिरामण मुकाट्याने उठून परसात जायचा. सोनुबाई हाक मारायची, शेरू आत यायचा. भाताची थाळी चाटूनपुसून होईपर्यंत हिरामण बाहेरच बसून असायचा, खोकलासुद्धा दाबून.