हळदीतला हातोडा

आमच्या खात्यात बातमी चढणीला लागली की फुगायची. नाक्यावर कोणी धामण मारली, तर रेंजच्या कचेरीत तिचा अजगर व्हायचा, आणि चांद्याच्या मोठ्या कचेरीत पोचेपर्यंत त्या अजगराच्या पोटात पाटलाचा बैल सापडलेला असायचा. तिथून दर महिन्याला बातम्यांचा एक कागद निघे. कोणाला बढती, कोणाची बदली, कोण निवृत्त झालं, कोणी काय पराक्रम गाजवला. तो कागद रेंजच्या कचेरीबाहेर फळीवर डकवत, आणि आम्ही नाकेदार, म्हणजे जंगलाचे खाकी शिपाई, त्याच्यापुढे देवळात उभं राहावं तसे उभे राहत असू. एका नाकेदारानं म्हणे नुसती शिट्टी वाजवून वाघाला वाट सोडायला लावली होती. मी त्याला ओळखत होतो. त्याचे पुढचे दात बैलानं पाडलेले. शिट्टी सोडा, त्याला 'शिट्टी' म्हणताही येत नव्हतं.

माझं नाव त्या कागदावर आलं ते मात्र अस्सल कामगिरीनं आलं. उन्हाळा सरला आणि माझ्या बीटात, म्हणजे माझ्या राखणीतल्या जंगलाच्या तुकड्यात, एक वणवा लागला नाही. आजूबाजूचं सारं जंगल काळं ठिक्कर, मध्ये माझं बीट नवरीसारखं हिरवं. चांद्याहून विचारणा झाली, हे कसं घडलं? मी कळवलं, 'रात्रंदिवस गस्त.' गस्त होती, नाही असं नाही. पण खरी गोष्ट मोहाच्या फुलांची होती. मोहाखालचा पाला जाळला की काळ्या जमिनीवर पिवळी फुलं नीट दिसतात, वेचायला बरी पडतात, ही तिकडची जुनी रीत. वणवे तिथूनच सुटायचे. मी दंडाची भीती घालून पाहिली, कोणी ऐकलं नाही. मग एक दिवस गावात जाऊन बसलो आणि सांगितलं, गावदेव माझ्या स्वप्नात आला होता. डोळे इंगळासारखे लाल. म्हणाला, नाकेदार, या धुरानं माझे डोळे गेले रे! बाया हळहळल्या. दुसऱ्या दिवसापासून खराटे निघाले आणि मोहाखालची जमीन अशी लख्ख झाली की तिच्यावर पंगत मांडावी.

गावचा पुजारी, त्याला तिकडे भूमक म्हणतात, तेवढा माझ्याकडे बघून बारीक हसला होता. ते हसू मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आता माझी गरज सांगतो. मी कच्चा नोकर होतो. राज्य नुकतंच बदललेलं, नागपूरकडचे साहेब गेले, मुंबईकडचे आले, आणि आम्हा कच्च्यांचं काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. लग्न होऊन बरेच दिवस झालेले, पण बायको वरोऱ्याला माहेरीच. सासऱ्यांनी साफ सांगून ठेवलं होतं, "जवाईबापू, कायम व्हा आन् घेऊन जा. कच्च्या नोकरीवर पक्की पोरगी कोण धाडते?" मी गेलो की ती दाराआडून नुसती पाणी ठेवून जायची. त्या पाण्यावर मी परत चाळीस कोस चालत येत असे, असं म्हटलं तरी चालेल.

आणि त्या साली, दसऱ्यानंतरच्या मेळाव्यात, नवे मोठे साहेब गुणी नोकरांना स्वतःच्या हातानं कायम झाल्याचे हुकूम देणार होते. माझं नाव होतं. सासऱ्यांनाही बोलावणं धाडलं.

खंडेनवमीला मी पोंभुर्ण्याच्या बाजारात जाऊन मेळाव्यासाठी नवे बूट आणले. ते इतके चावत की वाटेत मी वाघाला भ्यायलो नाही, बुटांना भ्यायलो. दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे रेंजरसाहेब घामाघूम होऊन सायकलीवरून आले. ते नागपूरचे. त्यांनाही नव्या साहेबांचा धसका.

"उद्या हातोडा आण बे," ते खाली न उतरताच म्हणाले. "साहेब हरेकाचा हातोडा पाहून राह्यले. सागाच्या ओंडक्यावर मारायले लावतात, छाप कागदाशी मिळवतात. पलीकडच्या रेंजमधी एकाचा छाप मिळाला नाई. हुकूम तर सोड, त्याचा बिल्ला उतरवला."

"आपला हातोडा काय, खुंटीलाच आहे," मी म्हणालो.

तोडलेल्या लाकडाच्या बुडख्यावर आमचा हातोडा मारला की नंबर उमटतो, आणि मग ते लाकूड सरकारमान्य. चोराच्या हाती हातोडा पडला तर तो अर्धं जंगल राजरोस गाडीत घालून नेईल. म्हणून खात्यात म्हण होती, बायको हरवली तर साहेब सुस्कारा टाकतील, हातोडा हरवला तर घरी पाठवतील. माझी तर बायको अजून सापडायची होती.

रेंजर गेले. मी आत वळलो. खुंटीवर लाल कापडाची थैली होती. थैलीत हवा होती.

मी सारं घर उलटं केलं. कणगी उपसली, चूल उकरली, कोंबडीला उठवून तिच्याखाली पाहिलं. घाम असा सुटला की ओसरीवर पूर येऊन कोंबडीची पिल्लं पोहू लागली. छातीत सागाचे ओंडके गडगडत होते. माय अंगणात भाजी निवडत बसली होती, ती शांतपणे म्हणाली, "हातोडा पाह्यतं का? तो देवाजवळ हाय."

"कोणत्या देवाजवळ?"

"गावदेवाजवळ. तू बाजारात गेलता ना, तवा गावच्या बाया कुऱ्हाडी, विळे, पावशा घेऊन पूजेले चालल्या होत्या. आपलं लोखंड एकटंच खुंटीले लटकून राह्यलं. मले कसंतरी वाटलं. म्हटलं, सरकारचं असलं म्हणून काय झालं, त्याले देव नाई का?"

"माय, तू माझी नोकरी देवाला वाहिलीस!"

"मंग चांगलंच हाय ना," माय म्हणाली. "देवापाशी चोरी होत नाई."

चोरीची गोष्ट नव्हती. त्या गावची रीत अशी की खंडेनवमीला गावातलं सारं लोखंड देवाच्या ठाण्यावर नेऊन ठेवायचं, आणि पुनवेपर्यंत कोणी उचलायचं नाही. वर्षभर राबलेल्या लोखंडाची ती विश्रांती. पुनव झाली की भूमक एकेक विळा ज्याच्या त्याच्या हाती देतो, मग धानाची कापणी. त्याआधी लोखंड हलवलं, तर त्या साली जे काही वाकडं होईल त्याचा धनी हलवणारा. साप चावला तरी तोच, गाय आटली तरी तोच.

मी बूट न घालताच धावलो. देवाच्या ठाण्यावर मोहाखाली कुऱ्हाडींची लांब रांग, आणि रांगेच्या मधोमध माझा हातोडा, हळद आणि तांदळाच्या पिठानं माखलेला, जावयासारखा बसलेला. शेजारी भूमक चिलीम ओढत होता.

"भूमकभाऊ, पाया पडतो, एवढा हातोडा द्या," मी म्हणालो.

"पाया पडा ना, पण देव तिकडं हाय," भूमक म्हणाला. "मी तं राखण्या माणूस."

"उद्या नाही नेला तर माझी नोकरी जाईल."

"आन् आज नेला तं आमचं धान जाईल. मंग आता?" त्यानं चिलीम खाली ठेवली आणि ते जुनं बारीक हसू काढलं. "तुमचं काय, नाकेदारभाऊ, तुमच्या सपनात देव येते. धुराची गोष्ट तुमालेच सांगतली ना त्यानं? मंग इथीच झोपा. इचारून घ्या."

विहिरीवरून येणाऱ्या बाया घागरी उतरवून उभ्या राहिल्या. एक म्हातारी म्हणाली, "झोपा झोपा, बाबू. आमी पोरायले गोंगाट करू देत नाई."

मी भर दुपारी मोहाखाली आडवा झालो. जन्मात पहिल्यांदा मला खरंखुरं स्वप्न हवं होतं, आणि डोळा लागेना. मुंग्या कानात शिरल्या. मिटल्या डोळ्यांपुढे देव नाही, सासरे दिसत होते, आणि त्यांच्या मागे अर्धवट उघडं दार. बाया पदराआड हसतात हे ऐकू येत होतं. शेवटी मी उठून बसलो.

"काय म्हणे देव?" भूमकानं विचारलं.

सारं गाव माझ्या तोंडाकडे. खोटं बोललो तर हा ओळखणार, खरं बोललो तर हातोडा जाणार. मी डोळे चोळले.

"देव म्हणाला, मी गावाबाहेर कधी गेलो नाही. मलाही साहेबाचा मेळावा पाहायचा आहे."

भूमकानं चिलीम पुन्हा उचलली, एक झुरका घेतला आणि म्हणाला, "लोखंड देवापासून हलत नाई, हे खरं. देवानं हलू नाई, असं कोणी म्हटलं नाई. पण देव पायी जात नाई, नाकेदारभाऊ. गाडी लागते, वाजंत्री लागते. गाव बसन, इचार करन. तुमी व्हा पुढं."

"म्हणजे येता ना?"

"गाव बसन," तो एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या हातानं आणि चावऱ्या बुटांनी मेळाव्याला पोचलो. विश्रामबंगल्यापुढे मांडव, एका बाजूला सागाचा ओंडका, खुर्चीत मोठे साहेब. बारीक चष्म्याचे, मोजकं बोलणारे. पहिल्या रांगेत सासरे, डोक्याला रुमाल बांधून, मांडीवर पेढ्यांची पुडी. तिची गाठ इतकी घट्ट होती की कायम झाल्याशिवाय ती सुटणार नाही हे लांबून कळत होतं.

एकेक नाव पुकारलं जाई. तो नाकेदार येई, ओंडक्यावर हातोडा मारी, साहेब छाप बघत, हुकूम देत. प्रत्येक ठोका माझ्या टाळक्यात बसत होता. मी रस्त्याकडे बघून बघून मान वाकडी करून घेतली. रेंजरसाहेबांनी माझे रिकामे हात पाहिले आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"हातोडा कुठी हाय बे?"

"येऊन राह्यला, साहेब."

"येऊन राह्यला? त्याले पाय हाय का?"

"बैल आहेत," मी म्हणालो. आहेत की नाहीत हे मलाच ठाऊक नव्हतं.

माझं नाव पुकारलं. मी उठलो. मांडवापासून खुर्चीपर्यंतची वाट जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या सिरोंच्याइतकी लांब झाली. साहेबांनी हात पुढे केला, "हातोडा?"

मी तोंड उघडलं. त्याच वेळी रस्त्यावर ढोल वाजला.

"हा गोंगाट कसला?" साहेब म्हणाले.

बैलगाडी आली. गाडीत मोरपिसं बांधलेला उभा बांबू, तोच गावदेव. त्याच्या पायाशी सुपात माझा हातोडा. पुढे भूमक, मागे खराटेवाल्या बाया, आणि त्यांच्यात माझी माय, लग्नातल्या वरमाईसारखी. मला रडू आलं. मी ते बुटांच्या नावावर खपवलं.

भूमकानं साहेबांना हात जोडून सगळं सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे हा हातोडा उचलायचा नाही?"

"पुनवेपर्यंत नाई, साहेब. ठोका तं नाईच नाई."

"आणि मी छाप पाहिल्याशिवाय हुकूम देऊ शकत नाही."

ढोलवाल्यानं हात आवरला. सासऱ्यांनी पुडीची गाठ चाचपून आणखी आवळली, हे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, आणि ते वरोऱ्याचं दार मला बंद होताना दिसलं.

साहेब गाडीपाशी गेले. वाकले. भूमकानं नुकतंच पाणी शिंपडलेलं, हळद अजून ओली होती. साहेबांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, सुपात उताण्या पडलेल्या हातोड्याच्या तोंडावर हलकेच दाबला आणि उचलला. एवढा मोठा साहेब देवापुढे वाकलेला बघून बायांनी भराभरा हात जोडले. रुमालावर पिवळा नंबर उमटला होता. साहेबांनी तो कागदाशी ताडून पाहिला. उलटा धरून पाहिला. उन्हात धरून पाहिला. तोवर माझी अर्धी मिशी पांढरी झाली.

"मिळतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "इतके दिवस हा कोणाच्या ताब्यात होता?"

"साऱ्या गावाच्या, साहेब."

"तुमच्या बीटात वणवा का लागला नाही ते आता कळलं." त्यांनी हुकूम माझ्या हातात दिला. मग चष्मा पुसला. "मात्र तुमची आणि या देवाची फारच जवळीक झाली आहे. तुमची बदली सिरोंच्याला करतो."

भूमक माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "तिकडं तेलुगू बोलतात, नाकेदारभाऊ. सपनं त्या बोलीत पाडून घ्या."

सासरे उठले. "सिरोंचा म्हणजे पार दक्षिणेला, प्राणहितेच्या काठी ना? पण कायम ना?"

"कायम, मामाजी."

त्यांनी दातानं गाठ सोडली.

पुढच्या महिन्याच्या कागदात, इतर साऱ्या अजगरांच्या आणि शिट्ट्यांच्या खाली, माझी एक ओळ होती. नाव, कायम, बदली. बैलगाडी नाही, देव नाही, रुमाल नाही. चढणीला लागून आटलेली खात्यातली ती एकटीच बातमी असेल. ती वाचायला मी थांबलो नाही. वरोऱ्याला ते दार पुरतं उघडलं होतं.

सिरोंच्यातल्या पहिल्या खंडेनवमीला बायकोनं पाटावर हातोडा मांडला, हळद लावली. मी त्याच्या दांड्याला दोरी बांधून दुसरं टोक मनगटाला गुंडाळून बसलो.

"काऊन जी," ती हसून म्हणाली, "कोण नेऊन राह्यलं तुमचा हातोडा?"

दाराशी माय शेजारणीशी खाणाखुणांनी काहीतरी बोलत होती. वळून म्हणाली, "इथला देव कुठी बसते, ते समजलं बरं का रे पोरा. जवळच हाय."

मी दोरीला आणखी एक वेढा दिला.