थोरली की धाकटी

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं भांडलो, आणि भांडण एका लाकूड कापायच्या मशीनवरून झालं. किन्हीराजा गावच्या रज्जाकभाईची जुनी पेट्रोलची चेनसॉ पिस्टन बदलायला दुकानात येऊन पडली होती. मी म्हणालो, ही थोरली. माझ्या बायकोनं डोळे मिटले, झाकणाच्या फटीतून दोन बोटं आत घातली, मनगट वळवून जरा चाचपलं आणि म्हणाली, "धाकटी हाय."

"अवं, नंबर कोरला हाय इथं. वाचता येत नाही त बोलू नोको."

"नंबर झाकणावर हाय जी. मशीन झाकणाच्या आत हाय."

"सकाळी उघडतो, मंग पाहू."

"पाहा. अन् हरले की पानी जास्त ठेवजा. मले कपभर चहा पायजे, तुमी देता तसा घोटभर नाही."

आमच्यात ती रीतच होती. मशीन ओळखण्यावरून वाद झाला की जो हरेल त्यानं चहा मांडायचा. इतक्या वर्षांत तिनं असा चहा दोनदा मांडला असेल. त्यातल्या एकदा ती मुद्दाम हरली होती, कारण माझं डोकं दुखत होतं.

थोरली-धाकटी म्हणजे काय ते सांगतो. मंगरूळपीरला बसस्टँडच्या मागं माझं दुकान, दुकानामागं घर. माझ्याकडं दुरुस्तीला येतात त्या जुन्या परदेशी मशिनी, आता कुणी बनवत नाही. त्यातल्या दोन जाती अशा की शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी. रंग एक, मूठ एक, टाकी एक. फरक पोटात. एकीचा पिस्टन दुसरीपेक्षा अर्ध्या सुतानं मोठा. मोठी ती थोरली, लहान ती धाकटी. ही नावं तिनंच ठेवली.

तिला हे मी शिकवलं नाही. माझं काम उघडायचं आणि जोडायचं, तिचं काम सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचं. धुता धुता तिच्या बोटांना कळलं की सिलिंडरला गार ठेवायला बाहेरून ज्या पात्या असतात, त्या धाकटीला नऊ आणि थोरलीला आठ. मी हजार सिलिंडर हातात घेतले असतील, कधी मोजल्या नाहीत. मला नंबर वाचता येत होता ना. चौथी पास माणसाला तेवढ्याचाही माज पुरतो.

तो माज कसा उतरला तेही सांगतो. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील. एक मशीन आली, नंबर धाकटीचा, म्हणून मी धाकटीचा पिस्टन बसवला. दोरी ओढून ओढून माझा खांदा निघाला, मशीन काही बोलेना. समोर चार गिऱ्हाइकं बसलेली. ही भाकर घेऊन आली, वाकली, बोटं घातली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अवो, धाकटीचं लेकरू थोरलीच्या पोटात कायले घालून राह्यले?"

सगळे हसले. मी चिडलो. "मोठी आली मास्तरीण," म्हणालो. मग उघडून मोजलं, तर थोरलीच. कुणीतरी मोडक्या मशीनचं झाकण हिला चढवलं होतं. ती एवढंच म्हणाली, "झाकण म्हंजे लुगडं. लुगडं बदललं म्हनून बाई बदलते काय?" त्या दिवसापासून मी तिला मास्तरीण म्हणू लागलो. आधी टोमणा होता. पुढं टोमण्यातला काटा कधी गळून पडला, कळलं नाही. शाळेचं तोंडही न पाहिलेली बाई, पण अख्खा रस्ता तिला मास्तरीणबाई म्हणायचा.

सुट्या भागांचे डबे तिनंच लावले. थोरलीच्या डब्यांना लाल चिंधी, धाकटीच्या डब्यांना हिरवी. चिंध्या तिच्या जुन्या साड्यांच्या. चिंधी तेलानं काळी पडली की दुसरी बांधायची. मी म्हणायचो, कागद चिकटवू, त्यावर लिहू. ती म्हणायची, "लिहा. पन मंग तो डबा तुमीच धुंडा."

तिला भुशाचाही वास कळायचा. मशीन धुवायला घेतली की चेनमधला भुसा चिमटीत धरून आधी नाकाशी न्यायची. एकदा रज्जाकभाई म्हणाला, वाळकी बाभूळ कापली. हिनं चिमूट हुंगली.

"भाई, हा कडुनिंब हाय."

"हो भाभी, तो बी होता एक. सुकला होता."

"सुकला होता त भुसा हिरवा काहून?"

एवढा धिप्पाड माणूस, मान खाली घालून उभा राहिला. हिनं मशीन धुतली नाही. पुढच्या खेपेला तो कडुनिंबाची दोन रोपं घेऊन आला. एक जगलं. दुकानासमोर आहे ते, त्याच्याच सावलीत आता गिऱ्हाइकं बसतात.

गिऱ्हाइकं म्हणायची, "मिस्त्री, तुमच्या हाताले डोये हायेत." मी मिशीवरून हात फिरवायचो. पडद्यामागं ती ऐकत असायची. एकदा मी विचारलं, "तुले राग नाही येत?"

"येते ना. पन तुमी हरल्यावर चहा लय चांगला करता."

तेव्हा मीही हसलो होतो. आता सांगतो. माझ्या हाताला डोळे नव्हते. डोळे तिच्या बोटांना होते, आणि त्या बोटांवर आमचं घर चाललं, लेक शिकली. हे तिच्या जिवंतपणी लिहायला पाहिजे होतं. तिला वाचता आलं नसतं, पण लेकीनं वाचून दाखवलं असतं.

त्या भांडणानंतर दोघं जेवलो. भाजीत मीठ कमी होतं, तेही मी बोललो. पहाटे ती उठली नाही. मी हाक मारली, मग हात लावला, मग कळलं.

दिवसभर माणसं येत राहिली. वाशीमहून लेक आली. दुपारनंतर मास्तरणीला नेलं. संध्याकाळी घरी बुद्धवंदना झाली, तिच्या फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या. रज्जाकभाई सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून उभा होता. जाताना माझा हात धरून म्हणाला, "मिस्त्री, मशीनची घाई नाही." मी मान हलवली. माणसं पांगल्यावर लेक जवळ बसली.

"बाबा, आता दुकान विका अन् माह्या घरी चाला. आई नाही त तुमाले कोन सांगन, कोनती कोनती ते?"

पोरगी आईवर गेली आहे, खरं तेच बोलते. तिचा राग आला नाही. तीच भीती मी सकाळपासून गिळत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, नेहमीच्या वेळेला, मी दुकान उघडलं. लेक मागून म्हणाली, "बाबा, आज?" मी रज्जाकभाईची मशीन पुढ्यात घेतली, डोळे मिटले आणि झाकणाच्या फटीत बोटं घातली. जाईनात. माझी बोटं जाड, त्यात भाजून भाजून बधिर झालेली. मग करंगळी घातली. ती गेली. एकेक पाती चाचपत मोजली, तर आठ. पुन्हा मोजली, तर नऊ. तिसऱ्यांदा अगदी सावकाश मोजली, आणि शेवटची पाती पार खाली, बुडाशी लागली. मास्तरीण दरवेळी मनगट वळवायची ते काहून, ते मला तेव्हा कळलं. नऊ.

तरी झाकण काढून पाहिलं. नऊच होत्या. हिरव्या चिंधीच्या डब्यातून पिस्टन काढून बसवला. अलगद बसला.

लेक दारात उभी होती. "काय झालं, बाबा?"

"हरलो," म्हणालो.

हात धुतले, घरात गेलो आणि चहा मांडला. पाणी जास्त ठेवलं.