ताट वेगळां, पंगत तीच

आमची खानावळवाली मावशी ताट वाढण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, आणि तोही रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "पोट साफ झालां काय रे?" उत्तरावर ताट ठरायचं. झालं असेल तर बांगड्याची आमटी आणि भात, नसेल तर पेज आणि ताक. साकीनाक्याच्या त्या खोलीत आम्ही दहा-बारा टर्नर-फिटर मांडीला मांडी लावून बसायचो. नवीन माणूस लाजून हमखास खोटं बोलायचा. मग मावशी म्हणायची, "जीभ दाखव." जीभ बघितली की मुकाट्याने पेजेची वाटी पुढे सरकवायची.

मावशी मालवणकडची. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा परळ सोडून इकडे आली आणि दोन स्टोव्हवर खानावळ सुरू केली. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. पण उष्टी ताटं गोळा करताना ती एकेक ताट असं न्याहाळायची, की एखादा डॉक्टरही एक्स-रे तितका बघणार नाही. कोणी काय टाकलं, यावरून कोणाचं काय बिघडलंय ते तिला कळायचं. "खाल्लंस तां कोणीय बघता," ती म्हणायची, "अंगाक लागलां काय, तां बघूक व्हयां."

मरोळच्या कारखान्यात लागून मला वर्षही झालं नव्हतं. एक दिवस तिने माझं ताट उचललं आणि तिथेच उभी राहिली. "पंधरा दिस झाले, तू नुसतो भात चिवडतंस. संध्याकाळी अंग तापता काय?" तापत होतं. खोकला होता, तो मी कारखान्यातल्या धुळीवर ढकलत होतो. दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. क्षय निघाला.

कारखान्याचा मालक म्हणाला, "बरा झाल्याचा दाखला आण, तोवर जागा ठेवतो. दिवाळीनंतर मात्र माझा नाइलाज आहे." गावी आई एकटी, माझ्या मनीऑर्डरवर जगणारी. तिकडे जावं तर जवळपास दवाखाना नाही. इथे राहावं तर खानावळीत कोण बसू देणार? ज्याच्या शेजारी मी रोज जेवायचो, तो दत्ता सावंतच आधी बोलला. "मावशी, याला बाहेर वाढ ना. आमची पण पोरंबाळं आहेत." त्याचंही काही चुकलं नव्हतं.

मावशीने डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. औषधं सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे तिने मला खिडकीशी, तोंडाला रुमाल बांधून एकटं बसवलं. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर परत ओळीत घेतलं. ताटाने हा रोग पसरत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, पण माणसांच्या मनाचं काय करणार? म्हणून तिने माझ्या ताटाच्या काठाला लाल रंगाचा ठिपका लावला आणि सगळ्यांना ठणकावलं, "ताट वेगळां, पंगत तीच. ज्याका पटणा नाय, त्याने दुसरी खानावळ बघूची." एकही जण उठला नाही. दत्ता माझ्या शेजारीच बसला.

खरी पंचाईत पुढेच होती. गोळ्यांनी पोटात काही ठरेना. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या जंतू मारतील, पण त्यांच्याशी लढायची ताकद अन्नातून येते. आणि पोटच अन्न घेत नसेल, तर ती यायची कुठून?" मावशीला हे नव्याने सांगायची गरज नव्हती. "पोट रुसलां आसा," ती म्हणाली. "रुसलेल्या माणसाक कोण ताट भरून वाढता? एकेक घास पुढे करूचो." मग दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं सुरू झालं. ताकातली नाचणीची आंबील, कुळथाची पिठी, उकडलेलं अंडं. ओकलो तर रागवायची नाही, अर्ध्या तासाने पुन्हा वाटी घेऊन हजर. एक गोळी मात्र चुकवू दिली नाही.

दर रविवारी ती मला कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर उभं करायची. एकेचाळीस किलोंपासून सुरुवात झाली. भंगारवाला चेष्टा करायचा, "मावशी, ये लोहा कितने में देगी?" ती म्हणायची, "ये बेचने का नाय, भरने का हाय!" पन्नास झाले त्या रविवारी तिने त्याला लाडू दिला. आज माझी मुलगी आतड्यातले उपयोगी जंतू, चयापचय, प्रतिकारशक्ती असं काही समजावून सांगू लागली, की माझी छाती फुगते. हे सगळं मी एका बाईच्या हातून खाल्लेलं आहे!

दिवाळीच्या आठ दिवस आधी दाखला मिळाला. मी तो धावत खानावळीत आणला, दत्ताने मोठ्याने वाचला. मावशीने मला सगळ्यांसारख्या ताटात वाढलं. मग ते लाल ठिपक्याचं ताट काढलं, भात-आमटी वाढून घेतली आणि आमच्या पंगतीत बसून जेवली. एरवी ती आमच्याबरोबर कधी जेवत नसे. माझा घास हातातच राहिला. "काय रे," ती जेवता जेवता म्हणाली, "पोट साफ झालां नाय काय?"

पुढे काही वर्षांनी ती खानावळ बंद करून गावी निघाली. भांडी बांधायला मी गेलो होतो, तेव्हा ते लाल ठिपक्याचं ताट हाती आलं. मी म्हटलं, "मावशी, माझं ते ताट मला दे."

तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि पदराने पुसून पेटीत ठेवलं.

"तां माझां ताट," ती म्हणाली. "तुका कित्याक व्हयां?"